एकशे सत्तावन्न, रुंद

गेनूभाऊंना तुम्ही नमस्कार केलात, तर ते तुमच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. पायांकडे बघायचे. मग नजर सावकाश पोटापर्यंत वर यायची, तिथं जरा रेंगाळायची, आणि ते म्हणायचे, "एकशे एकावन्न."

बस्स. नमस्काराला उत्तर म्हणून एवढंच.

नवख्या माणसाला वाटायचं, हा आपला रक्तदाब सांगतोय. लग्नाला आलेले एक पाव्हणे तर आकडा ऐकून मांडवातून उठले आणि ओतूरच्या बाजारपेठेत डॉक्टर शोधत हिंडले. रक्तदाब अगदी उत्तम निघाला. तरीही त्यांनी त्या दिवशी जिलेबी खाल्ली नाही.

तो आकडा होता बर्फावर घसरायच्या फळीचा. स्नोबोर्डचा. तुमच्या अंगाला, तुमच्या पावलाला आणि तुमच्या स्वभावाला किती सेंटिमीटरची फळी लागेल, हे गेनूभाऊ नुसत्या नजरेनं सांगायचे. आमच्या ओतुरात बर्फ पाहायचा तर रसवंतीवर, नाहीतर मासेवाल्याच्या पेटीत. पण सरपंचापासून पोस्टमनपर्यंत गावातल्या झाडून सगळ्यांना आपापल्या फळीचा नंबर पाठ होता. आधार कार्डाचा नसेल, फळीचा होता.

गेनूभाऊ व्यवसायानं आचारी. मूळचे आंबेगावच्या पश्चिमेचे, भाताच्या खाचरांच्या मुलखातले. पुण्यातल्या एका सहल कंपनीत ते लागले. आपल्या माणसांना हिमालय बघायला आवडतो, पण तिथंही सकाळी पोहे आणि रात्री वरणभात लागतो. त्यामुळे अशा कंपन्या आचारी बरोबर नेतात. गेनूभाऊंनी चौदा हिवाळे मनालीत काढले. नाश्ता झाला की पर्यटक गाडीत बसून फिरायला जायचे आणि संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत आचाऱ्याला काम नसायचं. शेजारी ठाकूर नावाच्या माणसाचं फळ्या भाड्यानं द्यायचं दुकान होतं. तिथं शेगडी असायची. गेनूभाऊ शेगडीसाठी बसायला लागले आणि फळीसाठी बसून राहिले.

ठाकूरचे गिऱ्हाइकाला तीनच प्रश्न असायचे. गेनूभाऊ ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायचे, "वजन बोलो, पाव दिखाओ, दिल बताओ." मग लगेच आमच्यासाठी भाषांतर, "वजन किती, पाऊल केवढं, जीव केवढा?"

"उंचीचं काय, गेनूभाऊ?" कुणीतरी विचारायचंच.

"उंची गिऱ्हाइकाच्या समाधानाला. फळी हनुवटीला लावायची, नाकाला लावायची, त्याला बरं वाटतं. पण फळीला उंची कळत न्हाई राव. फळीला वजन कळतं. आमच्याकडं चिखलणीला बैलामागं फळी असती का न्हाई? खाचर सपाट करायला? तिच्यावर मी पोरवयात उभा ऱ्हायलोय. बाप उभा ऱ्हायला का फळी चिखलात बसायची, मी उभा ऱ्हायलो का तरंगायची. बापाला काय कुणी टेप लावला व्हता? बर्फाचंबी तेच. जड माणसाला लांब फळी, हलक्याला आखूड. दुनियेला उगंच अवघड वाटतं."

तिसऱ्या प्रश्नावर त्यांची खरी करामत होती. जीव केवढा, म्हणजे तुम्हाला हळू जायचंय, सुसाट जायचंय, की उड्या मारायच्यात. भित्र्याला मऊ फळी. ती चुका पोटात घालते. सुसाट जाणाऱ्याला कडक आणि लांब. ती वाऱ्यासारखी जाते, पण वळायला सांगितलं तर रुसते. आणि उड्या मारणाऱ्याला दोन्ही टोकं सारखी असलेली.

यावरून त्यांनी गावाची जी वाटणी केली होती, तिच्याइतकी नेमकी वाटणी निवडणुकीतही होत नसे. हेडमास्तर, "एकशे साठ, कडक. सरळ जाईल, झाडावर आपटंल, पर वळायचा न्हाई." किराणा दुकानदार, "मऊ. लई मऊ. उधारी मागायलासुदीक ह्याचा पाय पुढं पडत न्हाई." आणि सरपंच, "दोन्ही टोकं सारखी. पुढंबी जातो, मागंबी जातो, आन् कुठं चाललाय ते त्यालाबी म्हाईत नसतं." सरपंच हे ऐकून स्वतःच सर्वांत मोठ्यानं हसले. फळी बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा नव्हता.

राहिला प्रश्न कोणता पाय पुढे ठेवायचा याचा. काही माणसं डावा पाय पुढे ठेवून घसरतात, काही उजवा. ते विचारून कळत नाही, कारण माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतं. ते कळायला एकच उपाय. बेसावध माणसाला मागून हलकासा धक्का द्यायचा आणि तोल सावरायला कोणता पाय पुढे येतो ते बघायचं.

गावातले लोक सरावले होते. मागून धक्का बसला की न वळता विचारायचे, "कोणता आला, गेनूभाऊ?" पण नवे तलाठी रुजू झाले त्या दिवशी स्टँडवर उभे राहून फोनवर बोलत होते. गेनूभाऊंनी ढकललं. फोन एकीकडे, तलाठी दुसरीकडे.

"अहो, काय हा प्रकार?"

"उजवा," गेनूभाऊ समाधानानं म्हणाले. "साहेब, उजवा पाय पुढं. आता झोपेत कुणी इचारलं तरी सांगा."

मी त्यांचा शेजारी. कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, वय अठ्ठेचाळीस. गावात मला सगळे भाऊसाहेब म्हणतात, यात आदर किती आणि सवय किती हे मी कधी तपासलेलं नाही. मी कमी बोलतो. कमी बोलणारा माणूस भला असतो अशी लोकांची समजूत असते. त्या समजुतीवर मी बरीच वर्षं जगलो. गेनूभाऊंच्या गमती मी आजवर पुष्कळांना सांगितल्यात, पण इथवरच. पुढचं गावाबाहेर सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातल्या सहा जणांनी डिसेंबरात मनालीला जायचं ठरवलं. मी आयुष्यात नाशिकच्या पुढे गेलेलो नव्हतो. बातमी कळताच गेनूभाऊ आमच्या दारात. एरवी हसतमुख माणूस, त्या दिवशी मुलाखतीला आल्यासारखा गंभीर.

"भाऊसाहेब, फळी घेणार का तिकडं?"

"बघू. सगळ्यांनी घेतली तर."

"मग नजरेवर सांगत न्हाई. तुमचं माप नीट घेणार."

मला तेव्हा कळलं नाही, पण नंतर हिशेब लागला. मनाली सोडून आमच्या गावात येऊन त्यांना सात वर्षं झाली होती. सात वर्षांत त्यांनी शेकड्यांनी नंबर काढले, पण त्यातला एकही माणूस बर्फावर गेला नव्हता. मी पहिला.

त्यांनी मला कांद्याच्या आडतीवर नेलं. घरगुती काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी बूट काढून, पाकीट काढून त्या गोणी मोजायच्या काट्यावर उभा राहिलो. हमालांना अर्थातच पर्वणी.

"गोणी कुणाची रं?"

"भाऊसाहेबांची."

"गोल्टी हाय का? बारका कांदा?"

"गोल्टी कसली! मोठा माल हाय. मुंबईला जायचा."

एक्क्याण्णव किलो. गेनूभाऊंनी माझं पाऊल जमिनीवर खडूनं आखलं आणि वितीनं मोजलं. दहा नंबरचा बूट. मग त्यांनी मला आडतीच्या ओट्यावर बसवलं आणि समोर उकिडवे बसले.

"आता खरं सांगायचं. जीव केवढा?"

मी म्हणालो, "बेताचाच."

त्यांचा चेहरा उजळला. "भाऊसाहेब, चौदा वर्षांत खरं बोलणारं तुमी पयलं गिऱ्हाईक. तिथं आलेला परतेक जण वाघ असतो. अन् संध्याकाळी लंगडत येतो."

लग्नाच्या सामानाची एक जुनी यादी त्यांच्या खिशात होती. हळदीचे डाग पडलेली. तिच्या पाठीवर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: एकशे सत्तावन्न. रुंद. मऊ. उजवा पाय पुढे. कुणाचं ऐकू नका.

"रुंद का, ते ध्यानात ठिवा," ते म्हणाले. "तुमचं पाऊल मोठं. अरुंद फळीवर बुटाचा चवडा बाहेर येतो. फळी कडेवर आली का चवडा बर्फात रुततो, आन् माणूस तोंडावर जातो. लांबीत दोन बोटं इकडंतिकडं चालंल. रुंदीत न्हाई."

तो कागद मी पाकिटात ठेवला. मनालीपर्यंत नीट सांभाळला. इतकंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

तिथल्या एका फळ्यांच्या दुकानात आमची रांग लागली. माझ्या पुढे आमचे क्रीडाशिक्षक शिंदे सर. सडपातळ, पन्नाशीतही पोट नसलेला माणूस. त्यांना एक काळी, चकचकीत, निमुळती फळी मिळाली. ती काखेत धरून ते असे उभे राहिले की आमच्या ग्रूपनं त्यांचे चार फोटो काढले. मग माझा नंबर. दुकानातल्या माणसानं वजन विचारलं. माझ्यामागे सगळे उभे होते. मी म्हणालो, "अठहत्तर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वजन ताडायला नाही, कीव म्हणून पाहिलं असावं. "पहले किया है?"

"थोडा बहुत."

मी हे का म्हणालो? चिखलणीच्या फळीवरसुद्धा मी कधी उभा राहिलेलो नव्हतो.

बुटाबाबत खोटं बोलता येईना, कारण बूट पायात शिरावा लागतो. दहा नंबर ऐकल्यावर तो आत गेला आणि एक रुंद फळी घेऊन आला. "सर, आपके लिए ये चौड़ावाला." जुनी होती. तिच्यावर पिवळ्या बदकाचं चित्र होतं. मागून कुणीतरी "भाऊसाहेब, बदक!" म्हणालं आणि सगळे हसले.

वाईट हेतूनं कुणी हसलं नव्हतं. पण मी त्या माणसाला म्हटलं, "ये नहीं. वैसावाला," आणि शिंदे सरांच्या काळ्या फळीकडे बोट केलं. कागद पाकिटात होता आणि पाकीट माझ्या छातीशी. काढायची छाती मात्र झाली नाही. सगळ्यांच्या देखत हळद लागलेला मराठी कागद उलगडून एका आचाऱ्याचा सल्ला वाचायचा?

पहिल्या खेपेला मी दहा पावलं बसून गेलो. दुसऱ्या खेपेला उभा राहिलो. फळी कडेवर आली, बुटाचा चवडा बर्फात रुतला आणि मी तोंडावर गेलो. अगदी लिहून दिल्याबरहुकूम. फक्त हात मध्ये घातला, म्हणून तोंड वाचलं. उजवं मनगट मोडलं.

तिथल्या दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत बाकावर बसलो होतो, तेव्हा डाव्या हातानं पाकीट उघडून तो कागद मी काढला, फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. म्हणजे बघा, पुढे काय करणार आहे हे माझ्या हाताला माझ्याआधी कळलं होतं.

गावी परतल्यावर स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घ्यायला आम्ही थांबलो. प्लास्टर पाहून माणसं जमली. "काय झालं भाऊसाहेब?" "कसं काय पडलात?" शिंदे सर शेजारीच बसलेले. मी म्हटलं, "फळी चुकली."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण कुणीतरी म्हणालं, "का? गेनूभाऊनं माप घेतलं व्हतं की. काट्यावर घालून!"

"त्यांनी दिली तीच घेतली," मी म्हणालो.

त्यावर जो हशा उसळला तो रस्त्यापलीकडे गेला असेल. शिंदे सरांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे सात वर्षं हा माणूस आपल्याला वाट्टेल ते नंबर वाटत होता!" आणि त्या हशात मला दिसलं, की गेनूभाऊ पायरीपाशी उभे आहेत. पिंपरी पेंढारच्या गाडीतून उतरले असावेत. हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी.

त्यांनी माझं प्लास्टर पाहिलं. मग माझे पाय पाहिले, बराच वेळ.

"माझंच चुकलं असंल," ते म्हणाले. "रुंद सांगितली व्हती ना मी? का न्हाई सांगितली?" मी कप तोंडाला लावला. "वय झालं भाऊसाहेब. माफ करा."

माफी त्यांनी मागितली आणि चहाचे पैसे मी दिले. त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव पडलं, हातमोड्या आचारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डबा घेऊन आले. मऊ भात, तूप, मेतकूट, डाव्या हातानं खाता येईल असं सगळं. "चमच्यानं जमंल," म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझी बायको सुनंदा अंगणवाडीत काम करते. ती दुपारी घरी यायची तेव्हा ते निघायच्या बेतात असायचे.

"गेनूभाऊ, तुम्ही जेवलात?"

"जातो की घरी. खाईन काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? बसा."

त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. मुलगी नाशिककडे दिलेली. सुनंदानं ताट वाढलं तेव्हा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालगत, अर्धे आत अर्धे बाहेर असे बसले. माझं ताट रिकामं झालं की ते घास ठेवून उठायला बघायचे. "अहो, बसा हो," सुनंदा रागवायची, "पंगत नाहीये ही." आठवड्याभरानं ते माझ्या शेजारी पाट घेऊन बसायला लागले. दोन आठवड्यांनी मनालीच्या गोष्टी सांगायला लागले. एका गुजराती गिऱ्हाइकाला फळी उलटी बांधली आणि तो डोंगर चढत गेला, वगैरे. सुनंदा हसून हसून डोळे पुसायची. मीही हसायचो. तोंडात त्यांचा घास असताना.

एकच फरक पडला होता. ते आता कुणाला नंबर सांगत नसत. कुणाच्या पायाकडे बघत नसत. सात वर्षं ज्या माणसानं माझ्या तोंडाकडे धड पाहिलं नव्हतं, तो आता बोलताना थेट माझ्या डोळ्यांत बघायचा. ते मला सहन होत नव्हतं.

रात्री सुनंदा म्हणायची, "किती भला माणूस. एक चूक झाली तर रोज येऊन भरपाई करतोय." मी कूस बदलायचो.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. त्या दुपारी ते शिरा घेऊन आले. मी दारातच उभा राहिलो. डबा हातात घेतला आणि म्हणालो, "आता उद्यापासून त्रास घेऊ नका, गेनूभाऊ. हात बरा आहे."

"हां. हां, बरोबर हाय," ते म्हणाले आणि वळले.

त्यानंतर मी कॉलेजला मागच्या गल्लीनं जायला लागलो. सुनंदानं विचारलं तर म्हणायचो, लग्नसराई आहे, त्यांना कामं असतील.

कामं होती, पण काम होत नव्हतं. आचाऱ्याचं सगळं नजरेवर चालतं. पूर्वी गेनूभाऊ मांडवाच्या तोंडाशी उभे राहून पाव्हण्यांवर एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "अजून अर्धं पोतं टाका." ते अर्धं पोतं बरोबर लागायचं. आता ते यजमानाला तीन-तीनदा माणसं विचारायला लागले. पिंपरी पेंढारच्या एका लग्नात भीतीनं इतका भात टाकला की संध्याकाळी जनावरांपुढे घालावा लागला. त्याचा धसका घेऊन पुढच्या लग्नात हात आखडला, तर मुलीकडची शेवटची पंगत बसली आणि भात संपला. गेनूभाऊ रिकामा झारा हातात धरून पंगतीपुढे उभे राहिले आणि पानापानाशी जाऊन हात जोडत गेले. कुणीतरी म्हणालंच, "हातमोड्याच तो. आता पोटंबी मोडतोय."

हे मला सुनंदानं सांगितलं. आणि भाजी निवडता निवडता पुढे म्हणाली, "भांडी विकायला काढलीत त्यांनी. लोणी गावचं लग्न होतं, त्यांनीच नाही म्हणून कळवलं. म्हणाले, माझा अंदाज गेला."

मी चप्पल घातली. सुनंदानं विचारलं, कुठे? मी म्हटलं, "खरं सांगायला." तिला काही कळलं नाही. आल्यावर तिलाही सांगायचंच होतं.

गेनूभाऊ अंगणात एक मोठं पातेलं आडवं पाडून जवळजवळ त्याच्या आत शिरून घासत होते. मला बघून बाहेर आले. हात राखेनं भरलेले. "या भाऊसाहेब. हात कसाय?"

मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो. अठहत्तर म्हणालो ते सांगितलं. बदक सांगितलं. काळी फळी सांगितली. कागद फाडला, तेही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, हे वाक्य मी घरापासून तयार करून आणलं होतं, पण तोंडातून बाहेर पडताना ते इतकं बारीक निघालं, की त्यांनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

मला वाटलं, चिडतील. त्यांनी विचारलं, "काळी फळी किती लांब व्हती?"

"माहीत नाही. शिंदे सरांएवढी."

"चवडा बाहेर आला व्हता का?"

"आला होता."

"किती?"

मी बोटं दाखवली.

"दीड बोट!" ते ओरडलेच. "आरं, दीड बोट बाहेर म्हंजे पडणारच की! देव आला तरी पडंल! अन् पाय कोणता पुढं व्हता?"

"डावा. सगळ्यांचा तोच होता."

"डावा!" त्यांनी कपाळावर हात मारला, राखेचा पंजा उमटला. "दीड बोट बाहेर, डावा पाय पुढं, कडक फळी, एक्क्याण्णव किलो. मग मनगटच मोडलं हे नशीब समज. मान मोडायची व्हती." आणि ते हसायला लागले. मघापर्यंत मी तुमी होतो, आता तू झालो होतो. ते हसू थांबेपर्यंत मी पातेल्याकडे बघत उभा होतो.

मग ते शांत झाले. राख झटकत म्हणाले, "म्हंजे मी बरोबर व्हतो."

"हो."

"हे स्टँडवर सांगशील?"

"आज सांगतो."

"सांगच. ते सांगायलाच पायजे." क्षमाबिमा काही नाही. मला तेच बरं वाटलं. मी निघायला वळलो तर मागून आवाज आला.

"खोटं बोललास ते कळलं. माणूस लाजंपायी बोलतो. पर प्लास्टर निघाल्यावर मला जेवायला बोलवायचं का थांबलास?"

मी वळलो. ते माझ्याकडे बघत नव्हते. पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत होते.

"मला वाटलं, फळी चुकली त्याचा राग असंल. हात बरा झाला, आता ह्याचं काय काम. चाळीस वर्षं मी वाढतोय, भाऊसाहेब. आचारी शेवटाला खातो, उभ्यानं, झाऱ्यातलं झाऱ्यात. तुज्या सुनंदानं माज्यापुढं ताट मांडलं. 'अजून घ्या' म्हणाली. मला अजून घ्या म्हणणारं कोण व्हतं?"

"मला तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं," मी म्हणालो. "लाज वाटत होती."

"तुज्या लाजंपायी मी उपाशी व्हय?"

मी तिथून तडक निघालो.

स्टँडवर मी सांगितलं. शिंदे सर होते, हमाल होते, सरपंच होते. सगळं सांगितलं, बदकासकट. हसले, पण पहिल्या वेळेइतकं नाही. खोट्याला जितकी गिऱ्हाइकं मिळाली होती तितकी खऱ्याला मिळाली नाहीत. चार जणांनी ऐकलं, दोघांना पटलं. हातमोड्या हे नाव अजूनही कुणाकुणाच्या तोंडून निसटतं. लोणीच्या लग्नाची सुपारी गेनूभाऊंनी पुन्हा घेतली, भांडी विकायची राहिली. पण नंबर ते अजून सांगत नाहीत. गावातली नवी पोरं, नव्या सुना यांना आपली फळी किती हे कुणी सांगितलेलं नाही. ते माझ्यामुळे.

सुनंदाला मी त्याच दिवशी सांगितलं. ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाली, "त्यांना दुपारी बोलावलंय. पान तुम्ही मांडा. वाढायचंही तुम्हीच."

गेनूभाऊ आले. धुतलेला सदरा, केसांना तेल. पाटावर बसले. मी जन्मात कुणाला वाढलेलं नव्हतं. मनगट अजून कमजोर. भाताचं पातेलं कलतं केलं आणि अंदाज न येऊन भाताचा डोंगर त्यांच्या ताटात पडला. दोन माणसांना पुरेल इतका. वरणाला जागाच उरली नाही.

ज्या माणसानं चाळीस वर्षं कुणाच्या पानात एक शीत जास्त पडू दिलं नाही, त्यानं तो भात पाहिला. मी म्हणालो, "काढून घेतो थोडा."

"असू दे," ते म्हणाले.

त्यांनी डोंगराच्या मधोमध बोटानं खळगा केला, वरणासाठी जागा केली आणि मान खाली घालून जेवायला लागले. मध्ये एकदा पाण्यासाठी थांबले, एकदा पाटावरची मांडी बदलली. मी वाटी घेऊन उभाच होतो. त्यांनी सगळा भात संपवला, शेवटच्या शितापर्यंत.

मग ताटावर आडवा हात धरून ते थांबले, आणि कुणीतरी काहीतरी म्हणायची वाट बघितल्यासारखे बसून राहिले.

"अजून घ्या," मी म्हणालो.

त्यांनी हात बाजूला केला.